उमेची दोन चित्रं: कोरिन की हिरोशिगे?

जपानमध्ये साकुराच्या (चेरीच्या बहराच्या) कितीतरी आधी, थंडी सरायच्या आतच उमे फुलतो. आपण त्याला प्लम म्हणून मोकळे होतो. खरा तो जर्दाळूच्या जवळचा.

जपानी चित्रकार ओगाता कोरिनने (१६५८–१७१६) दोन घडीचे पडदे रंगवले. सोनेरी पार्श्वभूमी, उजवीकडे लाल उमे, डावीकडे पांढरा, मधून भोवरे घेत जाणारी काळसर नदी. पांढऱ्या झाडाचं खोड बहुतेक चौकटीबाहेरच. एक फांदी तेवढी खाली झेपावून पुन्हा वर वळते. खोडावरचे शेवाळासारखे डाग ओल्या रंगात दुसरा रंग सोडून उमटवलेत. आणि फुलं? पाकळ्या वेगळ्या काढल्याच नाहीत, नुसते गोलसर ठिपके. तरी ओळख पटते.

दुसरा जपानी चित्रकार हिरोशिगे. त्याचा टोकियोतल्या कामेइदोच्या बागेचा ठसा, म्हणजे कोरलेल्या लाकडी फळ्यांवरून छापलेलं चित्र, १८५७चा. इथे खोड थेट आपल्या नाकासमोर आडवं येतं. आकाश लाल, जमीन हिरवी, आणि फांद्यांच्या फटींतून पलीकडे कुंपणामागे फिरणारी चिमुकली माणसं. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये याचीच तैलरंगात नक्कल केली.

कोरिनचे पडदे जपानमधल्या आतामी शहराच्या एमओए संग्रहालयात आहेत, तेही वर्षभर मांडलेले नसतात. हिरोशिगेचा मात्र छापलेला ठसा, म्हणून प्रती अनेक आणि जगभर.

भव्यता कोरिनची, वादच नाही. पण मला विचाराल तर हिरोशिगे. सोन्यासमोर आपण हात बांधून उभे राहतो. इथे मात्र फांदी बाजूला सारून पुढे जावंसं वाटतं.