गावचं रान घटलं का? लँडसॅट, सेंटिनेल की तयार नकाशा

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड. इथल्या एखाद्या गावची जैवविविधता समिती असो नाहीतर भूगोलाचा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, प्रश्न एकच असतो: गेल्या वीस-तीस वर्षांत आमचं रान किती गेलं? उपग्रहचित्रं फुकट मिळतात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. गाडी अडते ती कोणती घ्यायची इथं. माझं मत आधीच सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात चित्र कोणत्या उपग्रहाचं यापेक्षा ते कोणत्या महिन्याचं, यानं उत्तर जास्त बदलतं. तरी उपग्रह निवडावा लागतोच, म्हणून तिथून सुरुवात.

लँडसॅट ही अमेरिकेची उपग्रहमालिका, सेंटिनेल युरोपची. लँडसॅटचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, 30 मीटर बाय 30 मीटर, म्हणजे 900 चौरस मीटर. आपल्या हिशेबात जवळपास नऊ गुंठे. सेंटिनेल-2चा पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे एक गुंठा. अर्ध्या एकराची देवराई लँडसॅटमध्ये दोन-तीन ठिपक्यांत संपते आणि त्या ठिपक्यांतही शेजारचं शेत मिसळलेलं असतं. सेंटिनेलमध्ये तीच देवराई वीस ठिपक्यांची होते, तिची कड दिसते, कडेनं कुणी आत सरकलं असेल तर तेही दिसतं. शिवाय सेंटिनेल दर पाच दिवसांनी येतो. एकटा लँडसॅट 16 दिवसांनी, लँडसॅट 8 आणि लँडसॅट 9 मिळून आठ दिवसांनी.

मग सेंटिनेलच घ्यावा ना? बदल 2016 नंतरचा बघायचा असेल तर डोळे झाकून घ्या. पण यातला पहिला उपग्रह 2015 साली अवकाशात सोडला, त्याआधीचं तो काहीच सांगू शकत नाही. 30 मीटरची लँडसॅटची चित्रं ऐंशीच्या दशकापासूनची आहेत आणि 2008 पासून सगळा साठा मोफत आहे. घाटमाथ्यावरची बॉक्साइटची खाण सुरू होण्याआधी तिथला सडा, म्हणजे कातळाचं पठार, कसा होता, हे विचारायचं असेल तर लँडसॅटला पर्याय नाही. एक जपा: लँडसॅट 7च्या चित्रांत 31 मे 2003 नंतर काळ्या पट्ट्या आहेत, आणि 2012च्या आसपास 30 मीटरची चित्रं त्याचीच उरतात, त्यामुळे ते वर्ष शक्यतो टाळा. आणि 1995चं लँडसॅट 2024च्या सेंटिनेलशी थेट भिडवू नका. बारीक पिक्सेलमुळे दिसलेली मोकळी जागा नवीन तोड म्हणून मोजली जाते. दोन्ही टोकांना लँडसॅट घ्या, सेंटिनेल आजची स्थिती तपासायला ठेवा.

आता महिना. माझ्या पहिल्या नकाशात राधानगरीकडचा एक अख्खा उतार लाल आला होता, म्हणजे जंगल गेलेलं. जीव हळहळला. पावसाळ्याच्या तोंडावर तिथं गेलो तर मगरीच्या पाठीसारख्या सालीचे ऐन जागेवर उभे, शेजारी किंजळ, नाना, सगळ्यांना कोवळी पालवी. जुनं चित्र नोव्हेंबरचं होतं, नवं मार्चचं. मी तोड नव्हे, पानगळ मोजली होती. तेव्हापासून दोन्ही वर्षांची चित्रं एकाच पंधरवड्यातली असल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे काही मिळत नाही. ऑक्टोबरात सड्यावरचं गवत हिरवं असतं आणि रानासारखं दिसतं. नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: गवत वाळलेलं, झाडांवर पानं शाबूत. खोट एवढीच, की चित्र सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराचं असतं, सूर्य आग्नेयेला खाली, त्यामुळे कड्यांचा पश्चिमेकडचा उतार सावलीत जातो. तो भाग नकाशात वेगळा दाखवावा.

उसाचा घोळ हा खास आपला. भरात आलेल्या उसाचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, दाट झाडीइतकाच येतो. उपाय सोपा आहे. त्याच हंगामातली तीन-चार चित्रं लावून बघा. तोड झाली की उसाचा आकडा एकदम जमिनीला टेकतो, पानगळीच्या झाडांचा हळूहळू उतरतो आणि सदाहरित रान फारसं हलत नाही.

आणि हा सगळा खटाटोपच नको असेल तर? तयार आकडे दोन ठिकाणी मिळतात. ग्लोबल फॉरेस्ट वॉच या संकेतस्थळावर मेरीलँड विद्यापीठानं लँडसॅटवरून केलेला, 2001 पासूनचा वर्षवार वृक्षघटीचा नकाशा आहे. पाच मीटरपेक्षा उंच झाडी तिथं मोजतात, त्यामुळे ऊस आपोआप बाहेर राहतो. पण लावलेली निलगिरी तोडली तरी तीही घट म्हणूनच येते. दुसरा भारतीय वन सर्वेक्षणाचा, साधारण दर दोन वर्षांनी निघणारा वनस्थिती अहवाल. त्यात जिल्ह्याचा आकडा मिळतो, गावचा नाही. एक हेक्टरहून मोठी, दहा टक्क्यांहून जास्त जमीन फांद्या-पानांच्या छत्राखाली असलेली कुठलीही झाडी तिथं वनाच्छादन धरतात. जमीन कुणाचीही असो, झाड कुठलंही असो, बागही त्यात आली.

याचा अर्थ मला आजऱ्याकडच्या एका टेकडीवर कळला. नकाशात ती वीस वर्षं सलग हिरवी, बदल शून्य. बरोबरचे म्हातारे मामा पायवाटेवर थांबले, एक जाडसर पान तोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे रान न्हवं. काजू हाय ह्यो. रान हुतं तवा हितं जांभळी हुत्या." आकाशातून हिरव्याच्या जागी हिरवंच होतं. म्हणून जिल्ह्याचा कल सांगायचा असेल तर तयार आकडा पुरेसा आहे, गावच्या ठरावाला जोडायचा असेल तर नाही.

साधन म्हणाल तर गुगलच्या ऑनलाइन अर्थ इंजिनमध्ये चित्रं उतरवून घ्यावी लागत नाहीत, थोडा कोड मात्र लिहावा लागतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोड नको, पण लॅपटॉप बरा हवा. समितीला मी क्यूजीआयएस सुचवीन, विद्यार्थ्याला अर्थ इंजिन. पावसाळ्यातच तोड होतेय असा संशय असेल तर सेंटिनेल-1चं रडार ढगातूनही बघतं, पण घाटाच्या चढउतारात ते वाचायला जाणकार लागतो.

कुठलंही घ्या, प्रत्येक प्रकारच्या किमान पन्नास जागा पायी जाऊन तपासा: रान, काजू, ऊस, सडा. फोनच्या जीपीएसवर जागा नोंदवा आणि बरोबर गावातलं असं कुणीतरी न्या, ज्यानं ती टेकडी तीस वर्षांपूर्वी पाहिलेली आहे.