कृष्णवर्णीय संगीतकारांसाठीची मेंटॉरशिप: आमच्या घरातले नऊ महिने

आधीच सांगते, मेंटॉरशिप, म्हणजे सिनेमाला संगीत देणाऱ्या अनुभवी माणसाच्या सोबतीने शिकायची योजना, मला नाही, नवऱ्याला मिळाली. तो कृष्णवर्णीय अमेरिकन, मी सांगलीची, राहतो लॉस एंजेलिसला. पण नऊ महिने रात्री दोन वाजता "हे ऐक ना" म्हणत त्याने मलाच उठवलंय, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क माझाही आहे. योजनेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत.

तो मूळचा ट्रॉम्बोनवाला, चर्चमध्ये वाजवत वाढलेला. सिनेमाचं काम मिळत नव्हतं ते सूर कमी पडत होते म्हणून नव्हे, त्याला कुणी ओळखतच नव्हतं. कृष्णवर्णीय संगीतकार मायकेल एबल्सचंच बघा. वर्षानुवर्षं शाळेत संगीत शिकवत होते, ऑर्केस्ट्रासाठी लिहीत होते. दिग्दर्शक जॉर्डन पीलने यूट्यूबवर त्यांची एक रचना ऐकली आणि 2017 चा 'गेट आउट' हा सिनेमा त्यांना मिळाला. तोवर पन्नाशी उलटली होती. अशा लॉटरीवर घर चालत नाही. (पुढे एबल्सनीच इतरांबरोबर कम्पोझर्स डायव्हर्सिटी कलेक्टिव्ह ही संगीतकारांची संघटना उभी केली.)

पहिले दोन महिने फुकट गेले. झूमवर 'स्वतःचा आवाज शोधा' छापाची भाषणं. आवाज होता हो त्याच्याकडे, काम नव्हतं. मानधनही उशिरा आलं.

तिसऱ्या महिन्यात मेंटॉर त्याला स्पॉटिंगला घेऊन गेले. तिथे दिग्दर्शक आणि संगीतकार सोबत बसून सिनेमा बघतात आणि संगीत कुठे सुरू, कुठे बंद, हे ठरवतात. एका प्रसंगाला याने मनातल्या मनात अख्खी धून बांधली, आणि दिग्दर्शिका म्हणाली, "इथे काहीच नको." घरी आला तेव्हा तो खूश होता की चिडलेला, मला अजून कळलेलं नाही. टेंप म्युझिकचंही तसंच. एडिटरने तात्पुरतं चिकटवलेलं दुसऱ्याचं संगीत दिग्दर्शिकेला इतकं आवडून बसतं की नवं काही कानाला लागत नाही. मेंटॉरनी युक्ती दिली: त्यातलं काय आवडलं ते विचार. बहुतेकदा उत्तर लय असतं, चाल नव्हे.

खरी कमाई मात्र क्यू शीटची. कोणता तुकडा, किती सेकंद, कुणी लिहिला, याचा तक्ता. अमेरिकेत थिएटरं संगीतकाराला वाजवण्याची रॉयल्टी देत नाहीत. सिनेमा टीव्हीवर किंवा स्ट्रीमिंगवर गेला की आस्कॅप, बीएमआय अशा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था याच तक्त्यावरून पैसे वाटतात. मी बँकेत नोकरी केलेली बाई, मला घामच फुटला. नवऱ्याच्या आधीच्या तीन छोट्या फिल्म्सचे तक्ते कुणी भरलेलेच नव्हते! हे कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं, शेजारी बसलेल्या माणसानेच सांगितलं.

सांगलीला बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे गंडा बांधला म्हण की." मग मी त्यांना जुनी गोष्ट ऐकवली. 1930 च्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला यायचे, लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड वगैरे. गोव्याचे फ्रँक फर्नांड वेदरफर्डच्या बँडमध्ये वाजवत शिकले आणि पुढे हिंदी सिनेमाच्या संगीतात गेले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे आधीच पोचलेली आहे, तीही शेजारी बसूनच.

मोठी तक्रार एकच. योजनेतून ज्या ओळखी मिळतात त्या सगळ्यांना याच्याकडून गुलामगिरीवरचे माहितीपट नाहीतर जॅझ क्लबचे प्रसंग हवे असतात. त्याला विज्ञानकथा करायचीय. कृष्णवर्णीय संगीतकार क्रिस बोवर्सने 'द वाइल्ड रोबोट' या यंत्रमानवाच्या सिनेमाला संगीत दिलं, ऑस्करचं नामांकन मिळालं, तरी ही सवय जात नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्ज करणार असाल तर एकच विचारा: मेंटॉर चालू कामावर सोबत बसवणार का? नुसतं झूम असेल तर सोडून द्या.

गेल्या महिन्यात मेंटॉरनी त्याला एका टीव्ही फिल्ममध्ये जादाचं संगीत लिहायला दिलं. क्यू शीटवर नवऱ्याच्या नावासमोर 4 मिनिटं 10 सेकंद आहेत. मी स्वतः बेरीज करून पाहिली.