ओफॅकची ‘सँक्शन्स लिस्ट सर्च’: नाव सापडतं, कारण नाही

मानवी हक्कांसाठी एका देशाने दुसऱ्यावर दबाव आणावा का, यावर वाद घालण्याआधी तो दबाव नेमका कुणावर आलाय हे बघावं. त्यासाठी अमेरिकी अर्थखात्याच्या, आर्थिक निर्बंध राबवणाऱ्या ओफॅक कार्यालयाची ही शोधसेवा आहे: निर्बंध लादलेल्यांच्या यादीत नाव शोधायची. फुकट, लॉगिनशिवाय, दिसायला रुक्ष.

‘प्रोग्राम’मध्ये ‘ग्लोमॅग’ निवडा, बाकी खाने रिकामे ठेवा. मानवी हक्कांची पायमल्ली आणि भ्रष्टाचार करणाऱ्या परदेशी व्यक्तींवर निर्बंध घालणारा 2016 चा ग्लोबल मॅग्नित्स्की कायदा आणि 2017 चा कार्यकारी आदेश 13818 यांखालची नावं येतात. छळ करणारा अधिकारी आणि लाचखोर मंत्री, दोघांना एकच खूण. वेगळे काढायची सोय नाही.

नावाने शोधताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘मिनिमम नेम स्कोअर’ (नाव किमान किती जुळावं, ती पट्टी) 100 वरच ठेवणं. अरबी, बर्मी, रशियन नावं रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिली जातात. एका अक्षराने नाव हुकतं. पट्टी 85 च्या आसपास आणून बघा. भलतीच नावंही येतील, मग जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक ताडून गाळायची. स्कोअर फक्त नावापुरता असतो, हेही ध्यानात ठेवा.

काहीच सापडलं नाही म्हणजे रान मोकळं, असंही नाही. यादीतल्या व्यक्तींची मिळून 50 टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी आपोआप गोठते, तिचं नाव यादीत नसलं तरी. ती मालकी इथे कळत नाही.

खरी तक्रार पुढेच आहे. नावासमोर खूण दिसते, आरोप दिसत नाही. म्यानमारचे तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांच्यावर डिसेंबर 2019 मध्ये रोहिंग्यांवरील अत्याचारांसाठी ही खूण लागली. जुलै 2025 मध्ये तीच ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अलेशांद्र द मोराइस यांना लागली, तिथले माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरचा खटला चालू असताना. दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर, पण तक्त्याच्या लेखी सारखंच. पुढे मोराइस यांचं नाव काढलं गेलं. काढलेलं नाव शोधात येतच नाही, जणू कधी नव्हतंच.

काँगोतल्या खाणव्यवहारांसाठी 2017 मध्ये यादीत आलेले इस्रायली उद्योजक डॅन गर्टलर यांचं उलट झालं. जानेवारी 2021 मध्ये त्यांना गुपचूप परवाना देऊन निर्बंध सैल केले, मार्चमध्ये तो रद्द झाला. नाव मात्र या सगळ्या काळात यादीतच होतं.

अख्ख्या देशाची कोंडी करण्यापेक्षा (1990 नंतरच्या इराकमध्ये ती सामान्यांनाच भोवली) माणूस हेरून खातं गोठवणं केव्हाही बरं, पण मग का गोठवलं हे त्याच पानावर हवं. युरोपीय संघ डिसेंबर 2020 पासूनच्या आपल्या मानवी हक्क यादीत प्रत्येक नावापुढे कारण छापतो. इथे ओफॅकच्या ‘रीसेंट अ‍ॅक्शन्स’ (अलीकडच्या कारवाया) या पानावर तारीख शोधा आणि त्या दिवसाचं अर्थखात्याचं प्रसिद्धीपत्रक वेगळं उघडा. पाचपैकी तीन तारे, तेही शोधयंत्राला.