मंगळवार पेठेतला वाडा उतरवून घेतला, त्या ठेकेदाराबद्दल

आधी निकाल सांगतो. काम चोख, हिशेब रोखठोक, धूळ अतोनात. पाचपैकी साडेतीन गुण. एक गुण शेजारच्या भिंतीपायी गेला आणि अर्धा पितळी कड्यांपायी. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. त्याला दुकान नाही, पाटी नाही, सगळा धंदा फोनवर आणि ओळखीवर. वाडे उतरवून जुना माल विकणारे असे लोक साताऱ्यात बरेच आहेत, पण त्यांच्याशी व्यवहार कसा होतो हे कुणी लिहून ठेवत नाही. ज्यांच्या डोक्यावर सध्या ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

वाडा पणजोबांनी बांधलेला. खाली घडीव दगड, वर भेंड्यांच्या (मातीच्या कच्च्या विटांच्या) भिंती, पुढे पाच खणांचा सोपा, म्हणजे ओसरी, मध्ये चौक, मागे माजघर आणि परडं. हिस्सेदार चार, त्यातले तिघे पुण्या-मुंबईला. पश्चिमेची भिंत कित्येक पावसाळे पोट काढून उभी होती. शेवटी नगरपरिषदेची नोटीस आली. नगरपरिषद अधिनियम 1965, कलम 195, इमारत धोकादायक, उतरवून घ्या. दुरुस्तीला किती लागतील तेही मी काढलं होतं. तो आकडा हिस्सेदारांच्या ग्रुपवर टाकल्यावर दोन दिवस कुणी काही बोललंच नाही.

पुण्याच्या चुलतभावाचं म्हणणं, जेसीबी लाव आणि मोकळा हो. पटावं म्हणून त्याने एक व्हिडिओही पाठवला. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात स्टेडियमच्या कामासाठी तेरा मजली हॉटेल सुरुंग लावून पाडलं, त्याचा. धडाधड आवाज आणि आख्खी इमारत खाली बसली. खाली याचं वाक्य, "बघ, किती सेकंद लागले!" माझा भाचा त्याच शहरात मोटारींच्या कंपनीत आहे, त्याला विचारलं. ते पार्क अ‍ॅव्हेन्यू हॉटेल, 1924 चं, लुई कॅम्पर नावाच्या आर्किटेक्टचं. जुलै 2015 मध्ये पाडलं, कारण शेजारी आइस हॉकीसाठी लिटल सीझर्स अरीना उभं राहत होतं आणि हॉटेलच्या जागेवर त्यांना ट्रकमधला माल उतरवायची सोय करायची होती. जवळच त्याच आर्किटेक्टचं, त्याच सालचं, तेवढ्याच मजल्यांचं एडिस्टोन हॉटेल होतं, ते मात्र ठेवलं. स्टेडियम 2017 साली सुरू झालं तेव्हाही ते रिकामंच होतं. पुढे दुरुस्त होऊन त्यात भाड्याची घरं झाली. म्हणजे दोन जुळ्या भावांतला एक ट्रकला वाट द्यायला गेला आणि दुसऱ्यात आता लोक राहतात. चुलतभावाला मी एवढंच कळवलं, की त्या तेरा मजल्यांच्या तुळया सागवानी नव्हत्या, आपल्या दोन मजल्यांच्या आहेत.

हा ठेकेदार सुचवला तो शाहू स्टेडियमवर सकाळी फिरायला येणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने.

जेसीबीवाल्याचा हिशेब असा होता, की पाडायचे पैसे आम्ही द्यायचे, राडारोडा उचलायचे वेगळे द्यायचे आणि लाकूड जेवढं शाबूत निघेल तेवढं आपलं. ह्याचा बरोब्बर उलटा. लाकूड, कौलं, लोखंड, दारं-खिडक्या त्याची, मजूर आणि ट्रॉल्याही त्याच्याच, वर रोख रक्कम आम्हाला. उक्तं घेतो म्हणाला, म्हणजे सगळ्या मालाचा मिळून एकच ठोक आकडा. ऐकायला छान वाटतं. पण उक्त्या व्यवहारात ज्याला माल कळतो तो कमावतो, आणि मालकाला माल कळत नाही हे गृहीत धरूनच पहिला आकडा आलेला असतो.

बघायला आला तो खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. खांबाच्या बुडाशी टोचायचा, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे टोचायचा, मध्ये कुठेच नाही. मी विचारलं, मधलं का नाही बघत? "मधी कायबी होत नसतंय, काका. लाकूड मरतंय ते बुडाला न्हाईतर टोकाला." खरं होतं ते. वाळवी जमिनीतून चढते, ओल भिंतीतून येते. सोप्यातले खांब दगडी तळखड्यावर उभे होते, त्यांना इतक्या वर्षांत काही झालेलं नाही. पश्चिमेच्या भिंतीत गाडलेल्या खांबांना टोचलं तर भुसा आला. मग टेप लावून लांबी, रुंदी, जाडी आणि घनफूट. मीही माझी टेप आणि वही घेऊन मागोमाग. तीन-चार खण झाल्यावर त्याने वळून विचारलं, "काका, फॉरेस्टात होता का?"

"एसटीत. भांडार विभागात."

"मग अवघड हाय."

तिथून पुढे घासाघीस सरळ झाली. जिथे जिथे खाच आहे तिथलं लाकूड तो मापातून वजा करत होता. खाच पडलेला तुकडा फळीला चालत नाही हे मान्य, पण त्याने प्रत्येक खाचेमागे अलीकडची-पलीकडची वीतभर लांबीही उडवली होती. ती परत घ्यायला लावली. खिळ्यांचं मात्र त्याचं म्हणणं बरोबर आहे. लाकडात एक जुना खिळा राहिला तर सॉ मिलच्या पात्याचे दात जातात, म्हणून मिलवाले जुन्या लाकडाकडे संशयानेच बघतात, आणि खिळे उपटायची मजुरी तो आकड्यात धरतो. शेवटी पहिल्या आकड्यावर साधारण पावपट वाढ मिळाली. आमच्या सौ. म्हणाल्या, एवढी घासाघीस लग्नाच्या शालूला केली असती तर दोन आले असते.

करार स्टॅम्प पेपरवर केला. ह्याला तो कुरकुरला, पण सही केली. आमच्याकडे काय राहणार ते नावानिशी लिहिलं. देवघराची चौकट, दिंडी दरवाजा, माजघरातलं जातं, सोप्यातले दोन खांब तळखड्यांसकट, आणि पितळी कड्या सहा. राडारोडा त्याने न्यायचा आणि ओढ्यात टाकायचा नाही. पाडकामाच्या कचऱ्याचे सरकारी नियमही तेच सांगतात, पण नियम दाखवून कुणी ऐकत नाही, करारातली ओळ दाखवली की ऐकतात. सगळ्यात महत्त्वाची अट पैशांची. निम्मे आधी, उरलेले तुळया गल्लीबाहेर पडायच्या आत. तुळई एकदा ट्रॉलीत गेली की मग तुम्ही फोन करत बसायचं.

एक गोष्ट तो आपणहून सांगत नाही. कामाला हात लावायच्या आधी महावितरणकडून मीटर काढून घ्यावा लागतो आणि नळ कनेक्शन बंद करून घ्यावं लागतं. तो अर्ज मालकाचा, त्याला वेळ लागतो, आणि तेवढे दिवस त्याची माणसं बसून राहिली तर त्याची कुरबुर सुरू.

आता कामाबद्दल, कारण साडेतीन गुण मुळात त्यासाठीच आहेत. वाडा ज्या क्रमाने चढला असेल त्याच्या उलट क्रमाने उतरवला. आधी कौलं. माणसांची रांग लावून हातोहात खाली, फुटलेली एका बाजूला, शाबूत दुसऱ्या बाजूला उभी रचून. पुष्कळशी मंगलोरी होती, काहींच्या पाठीवर बेसल मिशनचा शिक्का. ह्या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना मंगलोरला 1865 साली सुरू झाला, तेवढं मला ठाऊक होतं. मुकादमाला इंग्रजी वाचता येत नाही, पण शिक्क्याची कौलं तो वेगळी काढत होता. पाचगणी-महाबळेश्वरकडचे रिसॉर्टवाले तसली मागून घेतात म्हणे.

मग रिपा, वासे, कडीपाटाच्या फळ्या. फळी उचकटताना पहारीखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचे, म्हणजे कड फुटत नाही. तुळया सगळ्यात शेवटी. जोडांत लोखंड फार कमी, लाकडी मेखा जास्त. मेख बाहेर ठोकायची, दोराचे फास टाकायचे, चेन कप्पीवर वजन घ्यायचं आणि खाली भुश्याच्या पोत्यांवर उतरवायची. सोप्याची मोठी तुळई उतरवताना मुकादमाने सगळ्यांना गप्प बसवलं होतं, गल्लीतली पोरंसुद्धा गप्प. कुठे करकरलं तर ऐकू यावं म्हणून. ती खाली आली तेव्हा वरच्या अंगाला सुताराच्या खुणा दिसल्या, कोळशाने ओढलेल्या रेघा आणि मोडी लिपीत आकडे. कुठली तुळई कुठल्या खांबावर, त्याचे नंबर. त्याचा फोटो मी काढला. मुकादमानेही काढला. जेसीबीने हे सगळं बकेटमध्ये आलं असतं.

हंगाम मात्र बघा. छप्पर निघालं की भेंड्यांची भिंत उघडी पडते, आणि एक वळीव तिला पुरतो. दिवाळी ते होळी हाच काळ. आमचं काम माघात सुरू झालं, शिमग्याच्या आत लाकूड संपलं.

भिंतींची पांढरी माती एका शेतकऱ्याने शेतात टाकायला नेली, ट्रॉलीवर ट्रॉली. वाहतुकीचे पैसे ठेकेदाराने त्याच्याकडून घेतले, आमच्याकडून नाही. हे त्याने सरळ सांगितलंही. घडीव दगडांचा व्यवहार वेगळा केला, त्यात काही विशेष नाही.

आता गुण का कापले ते. आमची उत्तरेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. तिच्यातून तुळयांची टोकं ओढली तेव्हा पलीकडच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात गिलाव्याचा पोपडा ओट्यावर पडला आणि भेग गेली. ठेकेदार म्हणाला, भेग जुनीच आहे. काम सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्या घरातल्या त्या भिंतीचे तारखेचे फोटो काढून ठेवले होते, ते दाखवल्यावर गडी कबूल झाला. पण भोकं बुजवली ती विटा आणि सिमेंटने. मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते आणि शेजारची माती झडायला लागते. चुना किंवा मातीच वापर म्हणून मी दोनदा सांगितलं, त्याने "होय होय" म्हणत सिमेंटच कालवलं. वहिनींनी काही बोलून दाखवलं नाही, पण संक्रांतीपर्यंत येणाऱ्या वाट्या थांबल्या आहेत.

कड्यांचं असं, की यादीत सहा होत्या, हातात चार आल्या. "पोरांनी भंगारात टाकल्या असत्याल." मग भंगाराच्या भावाने वजन करून दोन कड्यांचे पैसे देऊ केले. पैशांचा प्रश्नच नव्हता. कराराच्या दिवशीच त्या स्वतः काढून घरी न्यायला हव्यात, कामाच्या गर्दीत पितळ पहिलं जातं. तुमच्याकडे असतील तर तसंच करा.

धुळीबद्दल काय बोलणार. ओली पोती टाकतो, पाणी मारतो असं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात एक पाइप आणि तो धरायला एक पोरगा, तोही मोबाइल बघत. गल्लीत महिनाभर कुणी पापड-कुरडया वाळत घातल्या नाहीत, आणि हंगाम नेमका तोच.

पैसे अटीप्रमाणे आले. उरलेली निम्मी रक्कम तुळया हलायच्या आदल्या संध्याकाळी घरी आणून दिली, नोटा मोजून घ्या म्हणाला. चौघांच्या वाट्याला आलेल्या रकमेत कुणाचं घर होणार नाही, पण आमच्या खिशातून पाडकामाला एक रुपया गेला नाही. चुलतभावाने आपला हिस्सा मिळाल्यावर अंगठा पाठवला.

हे काम हवं असेल तर माणूस घ्या, मात्र घरातलं कुणीतरी रोज साइटवर असू द्या. फोन जून ते ऑगस्ट करू नका, उचलत नाही. गणपती झाल्यावर केला तर दसऱ्याच्या आसपास येऊन वाडा बघून जातो.