टेपर तोच असल्याचे सांगून विकलेला ड्रिल चक

माझ्या लहानशा वर्कशॉपमधील तैवानी बनावटीच्या बेंच ड्रिलच्या चकाचे, म्हणजे ड्रिल बिट पकडणाऱ्या भागाचे, जबडे झिजल्यामुळे चक बदलणे भाग होते. स्पिंडलचे, म्हणजे चक बसतो त्या फिरणाऱ्या दांड्याचे, टोक जेटी ३३ टेपरचे (निमुळत्या उताराच्या एका ठरावीक मापाचे) आहे, हे मी मुंबईच्या नागदेवी परिसरातील एका दुकानदाराला स्पष्ट सांगितले आणि जुना चकही समोर ठेवला. त्याने दिलेल्या चकावर जेटी ३३ असा ठसा होता आणि स्पिंडलवर बसणाऱ्या त्याच्या भोकावर ग्रीसचा जाड थर होता.

तो चक स्पिंडलवर बसला, आणि हीच या फसवणुकीतील धोकादायक बाब आहे. मोठे भोक पाडताना ड्रिल थरथरू लागले आणि पुढे चालू मशीनवरच चक निसटून टेबलावर आदळला. हात जवळ असता तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. ग्रीस पुसल्यावर दिसले की मूळ ठसा ग्राइंडरने घासून त्यावर नवा ठसा हाताने मारला होता. चकाचे भोक मोजले, तेव्हा ते बी१६ या वेगळ्याच मापाच्या टेपरचे निघाले.

बी१६ च्या मोठ्या टोकाचा व्यास १५.७३३ मिलिमीटर, तर जेटी ३३ चा १५.८५० मिलिमीटर असतो. फरक इतका थोडा असल्यामुळे नजरेला दोन्ही सारखेच वाटतात. मात्र बी१६ चा उतार सुमारे १:२० आणि जेटी ३३ चा सुमारे १:१५.७५ असल्याने, बी१६ चा चक जेटी ३३ स्पिंडलला केवळ तोंडाशी धरतो आणि आत पोकळीच राहते. टेपरची सारी पकड पूर्ण पृष्ठभाग टेकण्यावर अवलंबून असते. म्हणून नवा चक घेतल्यावर स्पिंडलवर प्रशियन ब्लूचा (पृष्ठभाग कुठे टेकतो हे दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ थर लावून चक हलकेच दाबून पाहावा. निळा रंग भोकात सर्वत्र न लागता फक्त कडेला उमटला, तर चक तसाच परत करावा.

दुकानदाराने मात्र हात झटकले. चक ठोकून बसवल्यामुळे बिघडला, असे त्याचे म्हणणे होते, आणि बिलावर नुसते ‘ड्रिल चक, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. त्यामुळे टेपरचे नाव बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तूही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. त्याआधारे मी घासलेल्या ठशाची छायाचित्रे जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे.