उसिक की लोमाचेन्को? आधी कोणाच्या लढती पाहाव्यात

युक्रेनचं बॉक्सिंग पाहायला घ्यायचं म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात, ओलेक्सांद्र उसिक आणि वासिल लोमाचेन्को. दोघं एकाच राष्ट्रीय संघातून आले. दोघंही डावखुरे, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून उभे राहणारे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघांनी सुवर्ण घेतलं आणि 2013 मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोघं व्यावसायिक झाले. तिथून पुढे मात्र हिशेब वेगळा. उसिकच्या खात्यावर जुलै 2025 पर्यंत 24 लढती आणि 24 विजय. लोमाचेन्को जून 2025 मध्ये निवृत्त झाला तेव्हा 18 विजय, 3 पराभव.

आकडे बघून ‘विषय संपला’ म्हणणारे पुष्कळ आहेत. हातातली कला बघा, मग आकडे काढा, असं म्हणणारेही तितकेच. हा वाद चाहत्यांनी खुशाल चालू ठेवावा. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन लढती पाहायला बसणाऱ्याला, किंवा क्लबात नुकतंच नाव घातलेल्या पोराला ‘हे बघ’ म्हणून काहीतरी लावून देणाऱ्या पालकाला, कुठून सुरू करायचं एवढंच हवं असतं. माझं उत्तर उसिक. पण ते सरसकट सगळ्यांसाठी नाही.

मुळात एकाच हाताखालचे

लोमाचेन्को ओडेसा प्रांतातल्या बिल्होरोद-द्निस्त्रोव्स्की या गावचा, जन्म 1988 चा. वडील अनातोली हेच प्रशिक्षक. पोरगा बॉक्सिंग शिकायला लागण्याआधी बापाने त्याला काही वर्षं युक्रेनी लोकनृत्य शिकायला धाडलं, ही गोष्ट आता जगभर माहीत झाली आहे. टोपीला रबरी दोरीने बांधलेला टेनिस बॉल ठोसत राहणं, पाण्याखाली श्वास रोखून धरणं, असले त्यांचे सराव. पोरगा मोठा झाला तो हौशी बॉक्सिंगमध्ये 396 विजय आणि फक्त 1 पराभव घेऊन. तो एक पराभवही 2007 च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीतला, रशियाच्या अल्बर्ट सेलिमोवकडून, आणि त्याची परतफेड त्याने नंतर दोनदा केली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्ण तर मिळालंच, वर सर्वोत्तम बॉक्सरचा व्हॅल बार्कर करंडकही.

उसिक क्रिमियातल्या सिम्फेरोपोलचा, जन्म 1987 चा. पंधराव्या वर्षापर्यंत हा फुटबॉल खेळत होता. बॉक्सिंग त्या मानाने उशिरा सुरू झालं. बीजिंगमध्ये तो इटलीच्या क्लेमेंते रुस्सोकडून उपांत्यपूर्व फेरीत हरला, आणि चार वर्षांनी लंडनच्या अंतिम फेरीत त्याच रुस्सोला हरवून सुवर्ण घेतलं. रिंगमध्येच होपाक हा युक्रेनी लोकनाच नाचला, तो हाच. पुढे व्यावसायिक झाल्यावर काही काळ त्याच्या कोपऱ्यातही अनातोली लोमाचेन्को होते. त्यामुळे दोघांच्या पायांत एकच व्याकरण सापडतं. फरक आहे तो त्यांनी ते कुठे आणि किती घाईने वापरलं यात.

घाई कोणाला होती

लोमाचेन्कोला पहिल्याच लढतीत विश्वविजेतेपद हवं होतं. ते जमलं नाही, म्हणून दुसऱ्या लढतीत, मार्च 2014 मध्ये, तो ओर्लांडो सालिडोसमोर उभा राहिला. सालिडो जुनं खोड, मेक्सिकन, डझनभर पराभव पचवलेला. वजन ठरलेल्या मर्यादेत आणलं नाही म्हणून त्याचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, तराजूवरच गेला, आणि त्या जादा वजनासह तो रिंगमध्ये आला. कमरेखाली मारलं, अंगावर रेललं, रेफरीने बरंचसं चालवून घेतलं. शेवटच्या फेरीत लोमाचेन्कोने त्याला जवळजवळ झोपवलं होतं, पण स्प्लिट डिसिजन, म्हणजे तीनपैकी दोन पंचांचा कौल, सालिडोच्या बाजूने गेला. रडीचा डाव म्हणा हवं तर. तरी पहिल्या सहा फेऱ्यांत लोमाचेन्कोने स्वतः फार कमी केलं, हेही तितकंच खरं.

त्यानंतर मात्र विक्रमांची रांग लागली. तिसऱ्या लढतीत गॅरी रसेल ज्युनियरला हरवून विश्वविजेता, सातव्या लढतीत दुसऱ्या वजनगटात, बाराव्या लढतीत तिसऱ्या. इतक्या कमी लढतींत तीन गट त्याच्याआधी कोणी घेतले नव्हते. 2016-17 मध्ये तर लागोपाठ चार प्रतिस्पर्धी पुढच्या फेरीसाठी स्टुलावरूनच उठले नाहीत, म्हणजे लढत सोडून दिली. त्यातले दोघे, निकोलस वॉल्टर्स आणि गिलेर्मो रिगाँडो, तोवर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हरलेलेच नव्हते.

उसिकने जिना पायरीपायरीने चढला, आणि तोही दुसऱ्यांच्या अंगणात. क्रूझरवेट म्हणजे सुमारे 90.7 किलोपर्यंतचा गट. तिथलं पहिलं विजेतेपद त्याने 2016 मध्ये पोलंडच्या ग्डान्स्कमध्ये पोलिश ग्लोवात्स्कीकडून घेतलं. मग बर्लिनला मार्को हुक, रिगाला लाटव्हियाचा ब्रिएडिस, जुलै 2018 मध्ये मॉस्कोत रशियाचा मुरात गासियेव, आणि गटातले चारही संघटनांचे पट्टे हातात. क्रिमिया रशियाने घेतल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि उसिक मूळचा क्रिमियाचा, हे लक्षात घेतलं की मॉस्कोतल्या त्या रात्रीचं वजन कळतं. मग हेवीवेट, म्हणजे त्याच्याही वरचा, सगळ्यात जड गट. लंडनमध्ये ब्रिटनचा अँथनी जोशुआ, नंतर जेद्दाहला पुन्हा जोशुआ, रियाधला दोनदा ब्रिटनचाच टायसन फ्युरी, जुलै 2025 मध्ये लंडनच्या वेम्बलीवर ब्रिटनचा डॅनियल दुब्वा पाचव्या फेरीत नॉकआउट. बाहेरच्या मैदानावर पंचांचे गुण आपल्याकडे ओढायचे तर पहिल्या घंटेपासून काम दाखवावं लागतं. ही सवय उसिकला लागली, लोमाचेन्कोला ती कधीच पुरती लागली नाही. दोघांमधला सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो.

जवळून पाहायच्या दोन फेऱ्या

18 मे 2024, रियाध, उसिक विरुद्ध टायसन फ्युरी. फ्युरी 206 सेंटिमीटर उंच, उसिक 191. चौथ्या ते सातव्या फेरीपर्यंत फ्युरी मजेत होता. पोटात ठोसे, खालून अपरकट, मधेच प्रेक्षकांकडे बघून चाळे. सहाव्या फेरीनंतर उसिक आता गेला असंच वाटतं. पण या काळात त्याचे पाय बघा. तो मागे सरकतच नाही. डोकं हलवत, उजव्या हाताने उगाच टोचत तो पुढेच येतो आणि फ्युरीला प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर द्यायला लावतो. कबड्डीत चढाईपटू नुसता हात पुढे करून कोपऱ्यातल्या गड्याला उठवतो, त्यातला प्रकार. एवढ्या अवजड देहाला दर दोन सेकंदांनी हलवायला लावलं की त्याची किंमत उशिरा वसूल होते.

ती नवव्या फेरीत झाली. डावा हात सरळ तोंडावर बसला आणि फ्युरीचे पाय गेले. एका दोरावरून दुसऱ्या दोरावर तो झोकांड्या खात गेला, उसिक मागोमाग. दोर नसते तर तो जमिनीवरच असता, म्हणून रेफरीने मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात घंटेने वाचवलं. गुणपत्रकं आली 115-112, 114-113 उसिक, आणि 114-113 फ्युरी. म्हणजे त्या एका फेरीवर सगळं फिरलं. 1999-2000 च्या लेनॉक्स लुईसनंतर हेवीवेटचे सगळे पट्टे एका माणसाकडे आले ते असे. डिसेंबरातल्या फेरलढतीत फ्युरी जवळपास 25 किलोंनी जड होता. तरी तिन्ही पंचांनी 116-112 असाच कौल दिला.

आता लोमाचेन्को. 12 मे 2018, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, होर्हे लिनारेस. लिनारेस उंच, जलद, लाइटवेटमध्ये (सुमारे 61 किलोपर्यंतचा गट) मुरलेला. लोमाचेन्को खालच्या गटातून वर आलेला. इथे नजर हातांवर ठेवू नका, दोघांच्या पुढच्या पावलांवर ठेवा. लोमाचेन्को आपलं पाऊल लिनारेसच्या पावलाच्या बाहेर टाकतो, समोरच्याच्या ग्लोव्हवर हलकेच थाप मारून तो जागचा हलवतो, आणि पुढच्या क्षणी तो समोर नसतोच, बाजूला उभा असतो. लिनारेसला त्याच्याकडे तोंड करायला वळावं लागतं, आणि वळतानाच मार बसतो. सहाव्या फेरीत मात्र लिनारेसचा सरळ उजवा बसला आणि लोमाचेन्को खाली गेला. उठला, हसला. खांदाही त्या रात्री दुखावला होता. दहाव्या फेरीत त्याने डावा ठोसा यकृतावर घातला. लिनारेस क्षणभर उभा राहिला आणि मग गुडघ्यावर बसला. त्या वेळी गुणपत्रकं बरोबरीत होती: एका पंचाकडे लोमाचेन्को पुढे, दुसऱ्याकडे लिनारेस, तिसऱ्याकडे समान. तो ठोसा नसता तर लढत कुठेही गेली असती.

निव्वळ सौंदर्याच्या बाबतीत मला ही लढत फ्युरीच्या लढतीपेक्षा सरस वाटते. उसिक सुंदर बॉक्सर आहे, पण त्याचं सौंदर्य कळायला आठ-नऊ फेऱ्या जाव्या लागतात. लोमाचेन्कोचं पहिल्या तीन मिनिटांत दिसतं.

हरले कुठे, वाचले कुठे

ऑक्टोबर 2020 मध्ये लास व्हेगासला तेओफिमो लोपेझसमोर लोमाचेन्को पहिल्या सात फेऱ्या समोरच्याला वाचत बसला. ठोसे जवळपास नाहीतच. आठव्यापासून जागा झाला, पण बारा फेऱ्यांच्या लढतीत सात देऊन टाकल्यावर उरतं काय? एका पंचाने 119-109 दिलं, ते जरा जास्तच झालं, पण पराभव खरा होता. खांद्याची शस्त्रक्रिया नंतर झाली. मे 2023 ची डेव्हिन हेनीविरुद्धची लढत वेगळी. ती बऱ्याच जणांनी लोमाचेन्कोला दिली होती, पंचांनी दिली नाही.

उसिकवरही अशा वेळा आल्या. जोशुआच्या दुसऱ्या लढतीत नवव्या फेरीत त्याला चांगलाच मार बसला, आणि दहाव्यात त्याने असा काही मारा केला की जोशुआची ती उभारी तिथेच संपली. 2023 मध्ये पोलंडच्या व्रोत्स्वाफला दुब्वाचा ठोसा त्याला पाचव्या फेरीत खाली घेऊन गेला. रेफरीने तो कमरेखालचा ठरवला आणि उसिकला सावरायला वेळ दिला. यावर आजही वाद आहे. पट्ट्याच्या रेषेवरचा ठोसा होता, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. उसिकने ती लढत नवव्या फेरीत संपवली आणि दोन वर्षांनी वेम्बलीवर वादाला जागाच ठेवली नाही.

शिकणाऱ्या मुलासाठी

इथे माझं मत ठाम आहे: लोमाचेन्कोची नक्कल लहान वयात करू नये. त्याचं ते बाजूला सटकणं चार-पाच वर्षांचा नाच आणि शेकडो हौशी लढतींच्या पायावर उभं आहे. नवशिक्या मुलाने ते उचललं की पाय एकमेकांत अडकतात, हनुवटी वर येते, आणि साध्या सरळ ठोशाने तो बसतो. उसिकचं जे आहे ते शिकवता येतं. पुढचा हात सतत कामात, ठोशानंतर जागा बदलणं, हूल देऊन समोरच्याला दमवणं, आणि शेवटच्या फेऱ्यांसाठी दम राखणं. उजव्या हाताच्या मुलाने हे आरशासारखं उलटं करून घ्यावं. मुलगा डावखुरा असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि क्लिच्को बंधू?

हा प्रश्न येणारच. व्हिटाली आणि व्लादिमिर या युक्रेनी भावांनी हेवीवेट गट वर्षानुवर्षं ताब्यात ठेवला. व्लादिमिर 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. एकमेकांशी लढणार नाही असा शब्द दोघांनी आईला दिलेला, तो पाळला. व्हिटाली 2014 पासून कीवचा महापौर. उसिकची सुरुवातीची व्यावसायिक कारकीर्दही त्यांच्याच प्रमोशन कंपनीखाली झाली. पण व्लादिमिरच्या बहुतेक लढती जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मिठी, पुन्हा जॅब अशा चालतात. अपवाद एप्रिल 2017, वेम्बली, जोशुआ: हरला, पण कारकिर्दीतली सर्वांत देखणी लढत दिली. तेवढी बघा, बाकी सवडीने.

रिंगबाहेरचं

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाचं आक्रमण झालं तेव्हा दोघंही प्रादेशिक संरक्षण दलात गेले, उसिक कीवला, लोमाचेन्को आपल्या गावी. लोमाचेन्कोने त्यासाठी लाइटवेटचा तेव्हाचा विजेता, ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज कंबोसोस, याच्याविरुद्धची विजेतेपदाची संधी सोडली. तीच संधी हेनीला मिळाली आणि त्याने तिचं सोनं केलं. मॉस्कोशी जोडलेल्या चर्चच्या आणि रशियाशी नात्याच्या प्रश्नावर लोमाचेन्कोवर युक्रेनमध्ये बरीच टीका झाली. 2022 पूर्वी उसिकही अशा टीकेतून सुटला नव्हता, पण युद्धानंतर त्याची बाजू लोकांच्या मनात पक्की झाली. माणूस म्हणून कोणाला मानायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. लढत पाहण्यासाठी ते ठरवायची गरज नाही.

तर क्रम असा

पहिली उसिक-फ्युरी, मे 2024, पूर्ण. फक्त नववी फेरी बघून थांबू नका, तिची किंमत आधीच्या आठ फेऱ्यांशिवाय कळत नाही. दुसरी लोमाचेन्को-लिनारेस. वेळ कमी असेल आणि पूर्ण लढत बसून पाहण्याचा धीर नसेल तर हा क्रम उलटा करा, कारण लोमाचेन्को तुकड्यांतही भावतो, उसिक भावत नाही. तिसरी उसिक-गासियेव, मॉस्को. अख्ख्या लढतीत गासियेवला मारायला माणूसच सापडत नाही. चौथी लोमाचेन्को-रिगाँडो, दोन ऑलिंपिक सुवर्णविजेत्यांपैकी एकजण, रिगाँडो, सहा फेऱ्यांनंतर लढत सोडून देतो ती. सालिडोची लढत अगदी शेवटी ठेवा आणि आवाज बंद करून बघा. समालोचनाशिवाय स्वतः फेऱ्या मोजल्यात तर कदाचित तुमचाही कौल पंचांसारखाच येईल.