कंपनीच्या खोक्यातले नकली ब्रेक शू

जुनी मारुती 800 घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. मागच्या चाकांचे डुप्लिकेट ब्रेक शू (चाक थांबवण्यासाठी आत बसवलेल्या बाकदार पट्ट्या) कंपनीच्या खोक्यात घालून मला ओरिजिनल म्हणून विकले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त संताप एका गोष्टीचा आहे. ब्रेक नीट लागत नाहीत म्हटल्यावर दुकानदाराने सगळा दोष माझ्या फिटिंगवर ढकलला, आणि हौशी माणसाला ते लगेच पटतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गाडी 1998 सालची. या गाडीचं उत्पादन 2014 च्या जानेवारीत बंद झालं, तरी पार्ट अजून सहज मिळतात. गाडी इतकी जुनी झाली की मालक सर्व्हिस सेंटर सोडून स्पेअरच्या बाजारात येतो, आणि नकली मालवाले त्याचीच वाट बघत असतात.

मागचा ड्रम ब्रेक समजायला सोपा आहे. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ लोखंडी डबा, शू त्याच्या आत बसतात. पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाच्या दाबाने व्हील सिलिंडरचे पिस्टन दोन्ही शू बाहेर ढकलतात, लायनर (शूवर चिकटवलेलं अस्तर) ड्रमला आतून घासतं, पेडल सोडलं की स्प्रिंगा शू मागे ओढतात. काम मात्र घाम काढतं. ड्रम आतून झिजून त्याला कड आलेली असते, तिच्यात शू अडकतात आणि ड्रम जागचा हलत नाही. निघाला तर आत काळी पूड. (ती फुंकू नका, हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.) मग स्प्रिंगा. एक अडकवावी तर दुसरी सुटते, पक्कड निसटते, बोटं सोलतात. एवढं करून गाडी बाहेर काढावी आणि ब्रेक मारताच मागचं डावं चाक एकदम जॅम व्हावं, तेव्हा काय वाटतं ते केलेल्यालाच कळेल. पावसात असं मागचं चाक लॉक झालं तर गाडी जागेवर फिरते. त्या गाडीत माझे आईवडील बसतात.

मी पुन्हा सगळं उघडलं. शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा ॲडजस्टर बघितला, सिलिंडर गळतोय का ते बघितलं, ब्रेकच्या तेलातली हवा काढली. फरक शून्य. दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं: "दादा, माल ओरिजिनल आहे. फिटिंग चुकलंय तुमचं. हे मिस्त्रीचं काम आहे. आणि ड्रम टर्न करून घ्या." म्हणजे लेथवर ड्रम आतून घासून गुळगुळीत करायचा, वर आणखी खर्च.

ड्रम घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्या काकांनी ड्रम मोजला आणि म्हणाले, "ड्रम गोल आहे, मापातही आहे. शू दाखवा." त्यांनी लायनरवर खडू घासला आणि शू ड्रमला आतून टेकवून पुढेमागे सरकवला. खडू फक्त दोन टोकांना पुसला गेला. मधला सगळा भाग पांढराच. शूचा बाक ड्रमपेक्षा सपाट होता. असा शू टोकांवरच घासतो, म्हणून चाक झटक्याने पकडतं. माझे जुने, झिजलेले शू शेजारी ठेवल्यावर आणखी दिसलं: स्प्रिंगचं भोक थोडं सरकलेलं, लायनरच्या कडेला गोंद ओघळलेला, आणि नखाने खरवडलं तर लायनरचे कण सुटत होते. चुकलेलं फिटिंग नव्हतं, माल होता.

ही खडूची परीक्षा नवे शू चढवण्याआधी करा, पाच मिनिटांचं काम आहे. जुने शू टाकून देऊ नका. खरं-खोटं ताडून बघायला दुसरं काही हाताशी नसतं. खोकंही नीट वाचा. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचं महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. माझ्या खोक्यावर महिना-वर्ष नव्हतं आणि पत्त्यावर दुसरं स्टिकर चिकटवलेलं होतं.

बिलाच्या बाबतीत ऐकून घेऊ नका. "बिल घेतलं तर जीएसटी लागेल" हे वाक्य ब्रेकच्या पार्टला अजिबात मान्य करायचं नाही. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं "स्पेअर पार्ट" नको. माझ्याकडे पार्ट नंबरासकट बिल होतं, म्हणून "हा आमचा मालच नाही" हे त्याला म्हणता आलं नाही.

तक्रार मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. तिथे सुटलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हाही आहे, किमान शिक्षा सहा महिने कैद.

हेल्पलाइनकडून विचारणा गेल्यावर दुकानदाराने स्वतः फोन केला. पैसे द्यायला तयार होता, पण शू आणि खोकं परत हवं म्हणाला, तेही खोकं न फाटलेलं. ते कशासाठी हवं होतं ते मला लगेच कळलं. मी दिलं नाही. सेट आणि बिल माझ्याकडेच आहेत, आणि आयोगातला अर्ज लिहायला घेतलाय.